वाणाचं माहेरपण

पालघरजवळच्या माहीमच्या शैलाला दोन गोष्टी फार छान जमत. पानवेलीवरून पान ती असं खुडायची की वेलीला कळू नये, आणि ओवी अशी जुळवायची की ऐकणारीला वाटावं, ही तर आपल्या आजीच्या तोंडची. पहिलीवर घर चालायचं. दुसरीनं ते घर एकदा मोठ्या फजितीतून वाचवलं. आता फजितीही शैलाचीच करणी होती, हे आधीच सांगितलेलं बरं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण आणायला नरहरीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सकाळीच पालघरच्या बाजारात पिटाळलं होतं. झाकणाच्या सहा डब्या, असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. दुपारी नरहरी आला तो वेलींना खत म्हणून घालायच्या निंबोळी पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन.

"अवो, वाण कुठं हाय?"

"कसलं वाण?" नरहरीनं पोतं टेकवलं, खिसा चाचपला, चिठ्ठी काढली आणि ती प्रथमच पाहत असल्यासारखी वाचली. "आयला!"

"आता बायकांच्या ओंजळीत पेंड घालू? त्यांनाबी नवी पालवी फुटंल!"

तोवर ओटीवर चपला वाजायला लागल्या होत्या. सगळ्यांत पुढं शेजारची हंसा. हिचा स्वभाव असा, की दुसऱ्याच्या घरी पायरी चढायच्या आधी ती मोजून घ्यायची. मागं पुंडलिकाच्या घरातल्या तिघी जावा, एकीसारखी दुसरी. त्यांच्यामागं नवी नवरी उन्नती. आणि सातपाटीहून मासळीची पाटी घेऊन दारात आलेली मंजुळा. तिला आमंत्रण नव्हतं, पण संक्रांतीच्या दिवशी दाराशी आलेली सवाष्ण तशीच जाऊ द्यायची ही काय रीत झाली? शैलानं तिलाही हाताला धरून आत घेतलं.

"मागच्या साली साबणाची वडी दिलेलीस, शैले," हंसा पाटावर बसत म्हणाली. "यंदा वडी की नुसता वास?"

बाकीच्या खुदकल्या. शैलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बस तर खरी," असं म्हणून ती तडक माळ्यावर चढली.

माळ्यावर सुनेच्या लग्नातलं रुखवत ठेवलेलं होतं. मण्यांचं तुळशीवृंदावन, लोकरीची बदकं, आणि एक जाड पुठ्ठ्याचं खोकं. चारुताच्या लग्नात, दोन वर्षांपूर्वी, या खोक्यातल्या वस्तू लाडवांच्या मनोऱ्याशेजारी मांडलेल्या शैलानं पाहिल्या होत्या. त्यानंतर खोकं कुणी उघडलं नव्हतं. आणि रुखवतातलं जे खायचं ते वाटायचं, जे शोभेचं तेही हळूहळू वाटायचं, ही त्या घरातली चाल. शैलाच्या स्वतःच्या रुखवतातली शिंपल्यांची होडी तिच्या सासूनं बारशाला देऊन टाकली होती, आणि शैलानं हूं की चूं केलं नव्हतं.

तिनं खोकं उघडलं. आत कागदाच्या गुंडाळ्यांत सहा फुलं निघाली. चिनीमातीची, इंग्रजी, इतकी पातळ की उजेडाला धरली तर पलीकडं बोटं दिसावीत. पाकळ्यांच्या कडा दुमडलेल्या, देठ वळून त्याचाच कपाचा कान झालेला. खाली पानांच्या आकाराच्या बशा आणि एक मोठी किटली, तिच्या झाकणावर कळी. बशा आणि किटली तिनं तिथंच ठेवली. फुलं पदरात घेतली.

ओटीवर येऊन तिनं एकेकीच्या ओंजळीत एकेक फूल ठेवलं. हंसाच्यासुद्धा.

"अगो बाय," मंजुळा म्हणाली, "ही तर भोपळ्याची फुलं!"

"एकच भोपळ्याचं," थोरली जाऊ म्हणाली. "माझं बघ, शेवंती. हिची जास्वंद."

"हंसाकाकीला धोतरा आला!" उन्नतीच्या तोंडून निसटलं.

"धोतरा महादेवाला चालतो," हंसा म्हणाली आणि फूल घट्ट धरून बसली. त्या दिवशी शैलाचा पाय जमिनीला लागत नव्हता.

संध्याकाळी चारुता कोळगावच्या कचेरीतून घरी आली. तिच्या आत्याचा फोन एरवी रविवारी यायचा, आज मधेच आला. चंद्रकांताआत्या तीस वर्षं इंग्लंडात नर्स होती. चारुताची आई गेली तेव्हा चारुता पाच वर्षांची होती. आत्या नोकरी सोडून वर्षभर केळव्याला येऊन राहिली, रोज तिच्या दोन वेण्या घातल्या, आणि मग परत गेली. लग्नाला तिला येता आलं नव्हतं.

फोन मोठ्या आवाजात लावलेला होता. शैला तांदूळ निवडत होती.

"रथसप्तमीला येते गं तुझ्याकडे," आत्या म्हणत होती. "फुलं आहेत ना?"

"आहेत ना, आत्या. माळ्यावर जपून ठेवलीत."

"जपून कशाला? तुझ्या एकेका वाढदिवसाला एकेक घेतलं मी, जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडून. सातव्यापासून बाराव्यापर्यंत. तुला भेटता येईना, म्हणून फूल. एकदा तुझ्याबरोबर त्यातून चहा प्यायचाय मला, बास."

शैलाच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि तांदूळ घरभर झाले.

"काय झालं, आई?" चारुतानं विचारलं.

"खडा," शैला म्हणाली. "मोठा खडा लागला."

त्या रात्रीपासून शैलाची पाठ अंथरुणाला टेकेना. दिलेलं वाण मागं घेत नाहीत. मागितलं तर देणारीचं पुण्य जातं आणि घेणारीचा रुसवा जन्मभर राहतो. त्यात हंसाकडे मागायचं म्हणजे वेशीवर दवंडी पिटण्यासारखं. आणि सांगायचं तरी चारुताला कसं? हिला आई नाही म्हणून आपल्याला आई म्हणू दिलं, आणि तिच्या सहा वाढदिवसांची सहा फुलं आपण मिरवायला वाटून टाकली?

नरहरीनं उपाय काढला. "सांग, मांजरानं पाडली."

"सहाच्या सहा? बशा ठेवून? ते मांजर होतं का हिशेबनीस?"

चारुताही जणू मुद्दाम जखमेवर बोट ठेवायची. रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारायची, "आई, फुलं पुसून ठेवायची राहिलीत ना? मी चढू का माळ्यावर?"

"नको नको!" शैला शिडीपुढं उभी राहायची. "तू दमून आलीस. मी पुसते. पुसलीच म्हण."

"पुसलीच म्हणते," चारुता म्हणायची आणि आत जायची.

शैला मग सहज गेल्यासारखी घरोघर फिरून आली. बघते तर काय, फुलं आपापल्या संसाराला लागलेली. थोरल्या जावेच्या शेवंतीत मेथी भिजत होती. मधलीच्या जास्वंदीत शर्टाची बटणं. धाकटीच्या फुलातून तिचं तान्हं पेज पीत होतं आणि पाकळी चावत होतं. उन्नतीनं केसांच्या पिना ठेवल्या होत्या. हंसाच्या देव्हाऱ्यात महादेवापुढं धोतरा, तीर्थानं भरलेला. महादेवापुढचं न्यायला यमाचीही डाळ शिजली नव्हती, मग शैला कुठली मागणार?

आणि मंजुळाचं भोपळ्याचं फूल? ती दुसऱ्या दिवशी दाराशी आली तेव्हा तिच्या जवळ्याच्या पोत्यात ते उभं खोवलेलं होतं. सुकवलेला बारीक जवळा, कोलंबीची पिल्लंच जणू, ती त्या फुलानं मापून विकत होती.

"मंजुळा! ह्याचं माप केलंस?"

"मंग? बाय, तुमचं वाण लय गुणाचं. पहिलं पत्र्याचा डबा व्हता, तवा गिराईक म्हणायचं, दाबून भर. आता कोण नाय बोलत. फुलाला दाबून भर कोण म्हणंल?" तिनं एक माप भरलं. पाकळ्यांच्या कडांवरून चिमूटभर जवळा खाली सांडला. "सांडलं ते मांजराचं. पालघरच्या बाजारात आता मला फुलवालीच म्हणतात."

शैलानं दोन मापं जवळा घेतला. दुसरं काय करणार?

रथसप्तमीला पाच दिवस उरले. शैला वाडीत पानं खुडत होती. डोक्यात काही नव्हतं, म्हणून तोंडात ओवी आली. लेक परक्याला दिलेली, पण एक दिवस माहेराला आलेली, अशी कुठलीशी जुनी. खुडता खुडता तिचा हात थांबला. लेक देतो ती परत मागत नाही. पण माहेराला बोलवायला कोण अडवतं?

ती तिथंच, पानांच्या टोपलीशेजारी, मांडी घालून बसली. उठली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि ओवी तयार होती.

वाडीतून ती थेट हंसाच्या अंगणात गेली. हंसा वाल सोलत होती.

"हंसे, रथसप्तमीचं तुमच्याकडं कसं करतात गं?" शैलानं दोन शेंगा हातात घेतल्या. "वाणाचं माहेरपण?"

"वाणाचं काय?"

"माहेरपण. संक्रांतीचं वाण रथसप्तमीला दिलं त्या घरी येतं, संध्याकाळी भरल्या ओटीनं परत जातं. आमच्याकडं आजीपासून हाय. तुमच्याकडं नसंल. सगळ्याच घरांत जुन्या रीती कुठं ऱ्हायल्या?"

हंसाच्या हातातली शेंग थांबली. "नसंल म्हणजे? आमच्याकडं नाय तर कुणाकडं असंल?"

"तसं नाय गं, पण ती ओवी तुला ठाऊक हाय का, म्हणून विचारलं." आणि शैला डोळे मिटून, अगदी शंभर वर्षांपूर्वीच्या आवाजात म्हणाली:

"संक्रांतीचं दिलं वाण, पुन्हा मागं कोन घेतं?
सूर्य फिरता गं सखे, वाण माहेराला येतं.
रिती येऊ नये लेक, रिती जाऊ नये घरी,
ओटी भरून बोळवा, पुन्हा सुखाने सासरी."

हंसानं ओठ हलवले, जणू तीही बरोबर म्हणत होती. "हीच," ती म्हणाली. "हीच आमची आजी म्हणायची. आता पोरींना कोण शिकवतंय? थांब, मीच सांगते सगळ्यांना. त्या जावांना तर काय माहिती असणार!"

शैला घरी आली ती तोंडात पदर कोंबूनच.

यंदा रथसप्तमी रविवारी आली. सकाळी अंगणात गोवऱ्यांवर दूध ठेवलं. ते उतू गेलं सूर्याच्या दिशेला, तेव्हा शैलानं मनातल्या मनात सूर्यालाच गाठलं: बाबा, तुझ्या नावावर खोटं बोलले, संध्याकाळपर्यंत सांभाळ.

बेत सोपा होता. तीनला बायका येतील, फुलं ठेवून जातील. चारला आत्या येईल, चहा पिऊन होईल. सहाला बायका येऊन फुलं घेऊन जातील. कुणाला कुणाचा पत्ता लागायला नको.

तीनला बायका आल्या. फुलं भरून आली होती. शेवंतीत मेथीचे लाडू, जास्वंदीत बोरं, तान्ह्याच्या फुलात तिळगूळ, उन्नतीच्या फुलात चिकूच्या फोडी. हंसानं गूळखोबरं आणलं होतं. मंजुळानं काय आणायचं? जवळा. शिगोशीग.

"ठेवा, ठेवा इथं. आणि आता तुमी गेलात तरी चालंल."

"जायचं कुठं?" हंसा भिंतीला टेकून बसली. "लेक माहेराला आली आणि तिला सोडून जायचं? आमच्या आजीच्या वेळी दिवसभर बसायची पद्धत."

तिघी जावा बसल्या. उन्नती बसली. मंजुळानं तर पाटीसुद्धा आत आणून ठेवली आणि पाय पसरले. शैलाकडं बघून तिनं एक डोळा बारीक केला. कोळणीला कोण फसवणार? ताजी कुठली आणि बर्फातली कुठली हे डोळ्यावरून ओळखणारी ती. ओवीही ताजीच आहे, हे तिनं ओळखलं होतं.

शैलानं फुलं आत नेऊन रिकामी केली, धुतली. भोपळ्याचं फूल चिंचेनं धुतलं, राखेनं धुतलं, लिंबाची फोड फिरवली. हुंगलं. सातपाटीचा अख्खा किनारा त्यात बसलेला होता. ठीक आहे, हे नरहरीला देऊ, असं तिनं ठरवलं.

चारला चारुता आत्याला घेऊन आली. आत्या बारकीशी, पांढऱ्या केसांची, सुती साडीतली. ओटीवर इतक्या बायका बघून ती हरखली. "एवढ्या सगळ्या माझ्यासाठी?"

"रथसप्तमी ना," शैला घाईनं म्हणाली.

पानांच्या बशांवर फुलं आली, कळीच्या झाकणाची किटली आली. सहा फुलं पुन्हा एका ताटात. आत्यानं एकेकावरून बोट फिरवलं. हे आठवं वर्ष. हे नववं. हे दहावं, त्या वर्षी बर्फात पाय घसरला आणि मी हे कोटाच्या आत धरून पडले, फूल शाबूत, मनगट मोडलं. चारुता आत्याच्या खांद्याला डोकं टेकून ऐकत होती. शैलाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं, पण चहा झाल्यावर.

"आणि हे सगळ्यांत पहिलं, सातव्याचं," आत्या म्हणाली. "मी ह्यातूनच घेणार."

आणि तिनं भोपळ्याचं फूल उचललं.

"ते नको!" शैला ओरडली. "त्याला... त्याला टवका गेलाय!"

"कुठं?" आत्यानं फिरवून पाहिलं, चहा ओतून घेतला आणि पाकळीला ओठ लावला. एक घोट. ती थांबली. नाक कपात घातलं.

"जवळा?" आत्या म्हणाली.

शैलानं डोळे मिटले.

"चारू, ह्या कपाला जवळ्याचा वास येतोय गं!" आत्यानं दुसरा घोट घेतला, मोठा. आणि ती हसायला लागली, इतकी की चहा पाकळ्यांतून हनुवटीवर आला. "तिकडं एकदा मी जवळा परतला. एकदाच. खालच्या मजल्यावरच्या बाईनं गॅसवाल्याला बोलावलं, काहीतरी गळतंय म्हणून! त्यानंतर तीस वर्षांत हिंमत केली नाही. ह्याच कपातून एकटीनं चहा प्यायचे आणि हाच वास आठवत बसायचे. कुणी घातला हा ह्यात?"

"मी," मंजुळा म्हणाली. "माप हाय माझं."

"माप?"

आता सगळ्यांचे डोळे शैलाकडं. हंसाचे सगळ्यांत मोठे. शैलानं चारुताकडं पाहिलं. बोलायचं होतं बरंच, पण तोंडातून आलं एवढंच, "चारू, चूक झाली गं. वाण म्हणून दिली मी. मला वाटलं, रुखवतातली हायेत."

"माहितीये," चारुता म्हणाली.

"काय माहितीये?"

"संक्रांतीनंतर दुसऱ्याच दिवशी कचेरीतून येताना पालघरच्या बाजारात मंजुळामावशीकडून जवळा घेतला मी." तिनं दोन बोटं वर केली. "दोन फुलं."

मंजुळा तोंड फिरवून आपली पाटी आवरायला लागली. पाटीत आवरण्यासारखं काहीच नव्हतं.

"आणि रोज मला विचारत होतीस, पुसली का म्हणून?"

"राग आला होता, आई. खूप." चारुतानं हातातला कप बशीत ठेवला. "वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही शिडीपुढं उभ्या राहायच्या. मग हंसाकाकींनी मला ती ओवी शिकवली. आजीची म्हणून. मी घरी येऊन उशीत तोंड घालून हसले. आत्या सोडली तर एवढी खटपट कुणी माझ्यासाठी केली नव्हती."

"आजीचीच हाय ती," हंसा ताठ बसून म्हणाली.

"हो तर," चारुता म्हणाली. "मला पुन्हा ऐकायचीय."

ओवी झाली. दोन ओळी शैलानं म्हटल्या, दोन हंसानं ओढून घेतल्या. आत्यानं तिसऱ्यांदा कप भरून घेतला. मग ती म्हणाली, "म्हणजे आता ह्यांना सासरी पाठवायचं?"

ही गोष्ट शैलानं बेतात धरली होती खरी, पण आत्याच्या डोळ्यांदेखत नव्हे. आपणच विणलेल्या जाळ्यात ती आपणच आली होती. "तुमी म्हणाल तसं, ताई. रीत काय... रीत मोडता येते."

"मोडता येते?" हंसा उसळली. "वाण माहेरी ठेवून घेतात का कुणी? अपशकुन!"

आत्यानं चारुताकडं पाहिलं. चारुता उठली, आतून तांदूळ आणले, सुपाऱ्या आणल्या, आणि पहिली ओंजळ हंसाच्या धोतऱ्यात घातली. "माळ्यावर दोन वर्षं होती, आत्या. एकदाही उघडली नाहीत मी. पडतील म्हणून भ्यायचे."

"माझ्याकडेही बाकीची पाच कपाटातच होती," आत्या म्हणाली. "मेथी भिजवायचं कधी सुचलं नाही."

बाकीच्या फुलांच्या ओट्या दोघींनी मिळून भरल्या. तान्ह्याच्या फुलाला आपटून दोन बारीक टवके गेले होते. आत्यानं ते बोटानं चाचपले आणि त्याच फुलात एक सुपारी जास्त घातली. मंजुळाचं फूल आलं तशी आत्या मात्र म्हणाली, "हिला बोळवायचं तर मीच सोडायला येते, सातपाटीपर्यंत. तुमच्याकडं जवळा परततात तो कसा, ते बघायचंय."

"या की, ताई," मंजुळा म्हणाली. "आमच्यात कोण गॅसवाल्याला बोलवत नाय."

शैला मोरीत किटली धूत राहिली. चारुता मागून आली, फडकं तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "पुसलीच म्हणा." दोघी मोरीतच हसत बसल्या.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर शैला वाडीत पानं खुडत होती. कुंपणापलीकडं हंसाचा आवाज आला. गावात नव्यानं आलेल्या हिमानीला ती रीत समजावत होती. वाणाचं माहेरपण, कसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, शैला म्हणते त्यात दोन ओळी कशा गाळलेल्या आहेत. मूळची ओवी आपल्या आजीची, नीट ऐक:

"रथ फिरता सूर्याचा, वाण माहेराला येतं,
आल्या वाणाला च्या पाजा, मग सासरी ते जातं."

शैलानं पान खुडलं. वेलीला कळलं नाही. ओवीची अक्षरं मोजून पाहिली. नीट बसत होती.